ब्रँडचं नाव ही थीम होऊ शकते का? (१२ एकरांतलं पार्क, प्रायोजक ठिबकवाले)

संत्राबाग | सोमवार, रात्री ९:१२

प्रस्ताव असा आहे. वरुड-काटोल पट्ट्यात १२ एकर. त्यातले साडेपाच एकर संत्र्याची उभी बाग, ६ × ६ मीटरवर, ठिबकावर. बाकी काळी जमीन, एक विहीर, एक शेततळं. हुरडा पार्टी आणि बैलगाडीची चक्कर एवढ्यावर भागवायचं नाहीये. तिकीट लावता येईल असं छोटं थीम पार्क हवंय: बागेतून फिरणारी लहान रेल्वे, पाण्याचे खेळ, शाळांच्या सहली.

एक ठिबक सिंचन कंपनी पाच वर्षं पैसे द्यायला तयार आहे (नाव इथे नको). बदल्यात गेटवर त्यांचं नाव आधी, पार्कचं खाली. सगळ्या खेळण्यांना त्यांचा निळा-हिरवा रंग. प्रत्येक विभागाला त्यांच्या एकेका उत्पादनाचं नाव. त्यांचा माणूस म्हणतो, "वेगळी थीम कशाला शोधता, आमचा ब्रँड हीच थीम."

पैसे हवेत हे उघड आहे. पण ब्रँडचं नाव म्हणजे थीम, हे डिझाइनच्या दृष्टीने खरं आहे का? जाणकारांनी सांगावं.

---

नकाशे | सोमवार, रात्री १०:०५

नाव म्हणजे थीम नव्हे. तपासायची सोपी रीत आहे: मनातल्या मनात सगळ्या पाट्या काढून टाका. पाटी नसताना माणूस त्या जागेत उभा राहिला तर आपण कुठे आहोत, कोणत्या काळात आहोत किंवा इथे काय करायचं असतं, यातलं काहीतरी त्याला कळलं पाहिजे. तिन्हीपैकी एकही कळत नसेल तर तुमच्याकडे रंगवलेली शेड आहे, थीम नाही.

याचं उत्तम उदाहरण एकाच पार्कात, एकाच साली सापडतं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्याच्या मेन स्ट्रीटवर तेव्हा खऱ्या कंपन्यांची दुकानं होती. अपजॉन ही औषधकंपनी, कार्नेशन ही दूधकंपनी, बँक ऑफ अमेरिका. पण रस्ता १९०० च्या आसपासच्या गावाचा, त्यामुळे अपजॉनला त्या काळातलं औषधालय उभं करावं लागलं: जुन्या बरण्या, लाकडी कपाटं, खलबत्ते. कंपनी थीमचे कपडे घालून आली. पाटी काढली तरी औषधालय उरतंच.

त्याच पार्काच्या दुसऱ्या टोकाला टुमॉरोलँड. तिथे वेळ आणि पैसा दोन्ही संपले होते, म्हणून कंपन्यांची प्रदर्शनं भरली. मोन्सँटोचं रसायनांचं दालन, कायझरचं ॲल्युमिनियमचं दालन. (हो, तेच मोन्सँटो, जे आपल्याकडे २००२ नंतर बीटी कपाशीच्या पाकिटामुळे घराघरात कळलं.) तिथली पाटी काढली की उरतो तो कंपनीचा स्टॉल. कृषी प्रदर्शनात असतो तसा.

पैसे दोन्हीकडे कंपन्यांचेच होते. फरक इतकाच की एकीकडे थीमने ब्रँडला वाकवलं, दुसरीकडे ब्रँडने जागा भरली.

---

पाळणेवाला | सोमवार, रात्री १०:४०

लय मोठे मोठे पार्क सांगून राहिले तुम्ही. जत्रेत पाहा ना भाऊ. टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस. आता कोलंबस कोन होता हे त्यात बसनाऱ्या पोट्ट्याले माईत असते काय? त्याले जहाज डोलते एवढंच माईत. अन् त्या जहाजाच्या तोंडाले लावलं असते ड्रॅगनचं डोकं. म्हनजे नाव एकाचं, सोंग दुसऱ्याचं, खेळ तिसराच. तरी रांग लागते. आधी खेळ चालला पायजे, थीमचं मंग पाहू.

---

नकाशे | सोमवार, रात्री १०:५२

पाळणेवाले भाऊ, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. कोलंबसमध्ये जहाज डोलते, म्हणजे करायची गोष्ट ठरलेली आहे. वर "कोलंबस" लिहा की "गोदावरी" लिहा, ते जहाजच राहतं.

---

चौकोनी वीट | मंगळवार, सकाळी ७:३०

थोडा विरोध नोंदवतो. "ब्रँड म्हणजे थीम कधीच नाही" असं सरसकट म्हणता येणार नाही. डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये १९६८ ला लेगोलँड सुरू झालं. लेगो म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा, त्यामुळे तिथे ब्रँड हाच माल आहे. मिनीलँडमधली शहरं साधारण १:२० प्रमाणात, लेगोच्या विटांनी बांधलेली. पाट्या काढा, लोगो काढा, तरी सहा वर्षांचं पोर सांगेल की हे लेगोचं आहे. कारण विटेवरची बोंडं दिसतात.

अमेरिकेतलं हर्शीपार्कही बघा. चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीने १९०६ ला कामगारांसाठी काढलं. गावातल्या चॉकलेट ॲव्हेन्यूवर दिव्यांच्या टोप्या त्यांच्या किस चॉकलेटच्या आकाराच्या. पण मला आवडतो तो दुसराच भाग: पार्कात मुलांच्या उंचीचे गट चॉकलेटच्या नावांनी पाडलेत. अमुक उंचीचा मुलगा "किस", त्याहून उंच "रीसेस". आईला सेंटिमीटर लक्षात ठेवावे लागत नाहीत, आणि पोरगं स्वतःहून सांगतं, "मी अजून किसच आहे." तिथे ब्रँडचं नाव रांगेतलं भांडण मिटवतंय. काम करणारं नाव आणि टांगलेलं नाव यात फरक करायला हवा.

अबुधाबीचं फेरारी वर्ल्ड (२०१०) तिसऱ्या जातीचं. त्यांचा फॉर्म्युला रोसा हा रोलरकोस्टर ताशी २४० किमीने सुटतो, उघडला तेव्हा जगात सर्वात वेगवान होता, बसणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल लावावा लागतो. फेरारी म्हणजे वेग, आणि वेग अंगाला कळतो.

म्हणजे कसोटी अशी: ब्रँडकडे हाताला लागणारी वस्तू, घडताना दिसणारी प्रक्रिया किंवा अंगाला जाणवणारी क्रिया असेल तर त्याची थीम होते. विमा कंपनीची होणार नाही. बिस्किटाची होईल. ठिबकाची? व्हायला हरकत नाही.

---

नकाशे | मंगळवार, सकाळी ८:१०

मान्य. "नाव म्हणजे थीम नव्हे, पण नावामागच्या वस्तूची थीम होऊ शकते" असं दुरुस्त करतो.

उलट बाजूची उदाहरणंही हवीत. बुश गार्डन्स हे नाव बिअरवाल्या घराण्याचं, पण व्हर्जिनियातलं त्यांचं पार्क (१९७५) युरोपातल्या देशांच्या थीमवर आहे. नाव ब्रँडचं, थीम वेगळी, काहीही बिघडलं नाही. आपल्याकडे कोचीला २००० साली वीगालँड निघालं. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या व्ही-गार्डवरून ते नाव. आत कुणी स्टॅबिलायझरची थीम केली नाही, पुढे नावही बदलून वंडरला झालं आणि झोके-घसरगुंड्या होत्या तशाच चालू राहिल्या. नाव सुटलं तरी पार्क उभं राहिलं, कारण थीम त्या नावावर टांगलेली नव्हती.

सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी पार्काची गंमत याच्या नेमकी उलटी. १९६१ ला टेक्सासमध्ये सुरू झालं तेव्हा ती सहा निशाणं म्हणजे थीम होती: टेक्सासवर ज्या सहा सत्तांचा झेंडा फडकला त्या स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास प्रजासत्ताक, कॉन्फेडरेट राज्यं आणि अमेरिका. पुढे तेच नाव इतर राज्यांतल्या पार्कांना लागलं, जिथे सहा झेंड्यांचा काही संबंध नाही. थीमचा ब्रँड झाला आणि थीम मागे राहिली.

---

वर्धेकाठ | मंगळवार, दुपारी १:२०

तुम्ही सगळे ब्रँडला संशयाने बघताय. किडझेनिया विसरलात. १९९९ मेक्सिको सिटी, २०१३ मुंबई, घाटकोपर. तिथे मुलं बँकेत जातात, विमान चालवतात, पिझ्झा करतात. खऱ्या कंपन्यांची नावं लावलेली, आणि ती नसती तर ते शहर खोटं वाटलं असतं. शहर म्हटलं की पाट्या आल्या. "बँक" एवढंच लिहिलेली बँक मुलांना नाटकातली वाटते.

आपल्या गावाच्या चौकाचं तसंच आहे. कृषी केंद्राबाहेर बियाण्यांच्या कंपन्यांचे पत्रे, पानठेल्यावर साबणाची जाहिरात, सलूनवर रंगवलेला टीव्ही. गावाचा चौक थीम म्हणून उभा करायचा असेल तर ब्रँडच्या पाट्या काढून कसं चालेल? त्या तिथल्या नेपथ्याचा भाग आहेत. नकाशे यांची पाटी-काढा परीक्षा तिथे नापास होते.

---

नकाशे | मंगळवार, दुपारी २:०२

चांगली अडचण काढलीत. तिथे एक अट घालतो: पाट्या अनेकांच्या हव्यात. चौकात दहा कंपन्यांचे पत्रे असले तर तो चौक. एकाच कंपनीचे दहा पत्रे असले तर तो डीलरचा मेळावा. किडझेनियात प्रत्येक कामाला वेगळी कंपनी असते, म्हणून ते शहर वाटतं.

---

करारनामा | मंगळवार, रात्री ८:४५

डिझाइनचं तुम्ही ठरवा, मी कागदावरचं सांगतो.

नाव देण्याचा हक्क आणि ट्रेडमार्क वापरायचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी तुम्हाला पैसे देऊन गेटवर नाव लावते तो पहिला प्रकार. तुम्ही त्यांच्या उत्पादनाच्या नावाने विभाग काढता, टोप्या-टीशर्ट विकता, नाश्त्याच्या प्लेटवर लोगो छापता तो दुसरा. दोन्ही एकाच कागदात कोंबले की घोळ होतो. ट्रेडमार्क वर्गवार नोंदला जातो, एकूण ४५ वर्ग. ठिबक कंपनीचा मार्क पाइप-यंत्रांच्या वर्गात नोंदलेला असेल. करमणूक ४१ मध्ये येते, खेळणी २८, कपडे २५, खाणावळ ४३. त्या वर्गांत त्यांची नोंद आहे का ते आधी विचारा. नसेल तर पार्काच्या कामासाठी त्यांनी दिलेलं नाव तितकं भक्कम नाही.

करारात चार गोष्टी हव्यातच. मुदत संपल्यावर पाट्या काढायचा आणि पुन्हा रंगवायचा खर्च कोणाचा. छापलेला माल खपवायला किती दिवस. कंपनी विकली गेली किंवा नाव बदललं तर काय. आणि पाळण्यावर अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. इथे कंपनी सार्वजनिक दायित्वाच्या विम्यात स्वतःचं नाव घालायला सांगेलच, त्याचा हप्ता कोण भरणार ते लिहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. "थेंब", "ठिबक" हे वर्णनाचे शब्द आहेत. नुसत्या वर्णनाच्या शब्दावर सहसा कुणाची मक्तेदारी होत नाही. पार्कचं नाव अशा शब्दावरून ठेवलं तर पाच वर्षांनी प्रायोजक गेला तरी नाव तुमच्याकडे राहतं. करारात "हा शब्द पुढे वापरणार नाही" असं मान्य करू नका, एवढं सांभाळा.

अजून एक. नागपुरी संत्र्याला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांनाही आहे. लोक त्यालाही ब्रँड समजतात. ब्रँड परवान्यावर दुसऱ्याला देता येतो, भौगोलिक मानांकन देता येत नाही. ना विकता येतं ना गहाण ठेवता येतं. ते त्या भागातल्या उत्पादकांचं असतं. पार्कात "संत्र्याचा मळा" असा विभाग करायला कुणाची हरकत नाही. पण रसाच्या बाटलीवर मानांकनाची खूण छापायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागेल. ती करून घ्या. प्रायोजक बदलतील, ती खूण कुठे जात नाही.

---

संत्राबाग | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. म्हणजे कंपनीचं नाव थीम नाही, पण थेंब ही थीम होऊ शकते. मग पुढचा प्रश्न. मुलांना ठिबक हातात कसं द्यायचं? कंपनीने "मॉडेल प्लॉट" देऊ केलाय, म्हणजे एक ओळ, खाली माहितीचे फलक.

---

तोटी | बुधवार, सकाळी ६:५०

मॉडेल प्लॉट मुलं तीन मिनिटांत सोडून जातात. बघण्यासारखं काही नसतं, कारण ठिबकमध्ये थेंब दिसतच नाही. हिशेब करा. ड्रिपर म्हणजे ठिबकाच्या नळीवरची पाणी सोडणारी बारीक तोटी. ४ लिटरचा ड्रिपर म्हणजे ताशी ४ लिटर, सेकंदाला १.१ मिली. एक थेंब साधारण ०.०५ मिली धरला तर सेकंदाला २२ थेंब. डोळ्याला बारीक धार दिसते.

थेंब दाखवायचा असेल तर सलाईनचा सेट आणा, नवा, मेडिकलमधून. त्याच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं. चाक फिरवून सेकंदाला एक थेंब लावला की ताशी १८० मिली. एक लिटरची बाटली साडेपाच तास चालते. दुष्काळी साली रोपांच्या बुडाशी अशाच बाटल्या टांगतात, त्यामुळे आलेल्या शेतकऱ्यालाही ओळखीचं वाटेल. मुलाला घड्याळ द्या, थेंब मोजायला लावा, एका झाडाला दिवसाचं पाणी किती तासांत होईल ते त्यालाच काढू द्या. हा खेळ पंधरा मिनिटं टिकतो.

दुसरा खेळ दाबाचा. बहुतेक ठिकाणी लोक दोन मीटर उंच टाकी ठेवून ठिबक "चालवून दाखवतात" आणि मग पाणी शेवटपर्यंत जात नाही. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला ४ लिटर देणारा ड्रिपर दोन मीटर टाकीवर, म्हणजे ०.२ किलोवर, १.८ लिटरच देतो. दाब सांभाळणारा, आत रबरी पडदा असलेला ड्रिपर तर एवढ्या कमी दाबावर नीट कामच करत नाही. १ किलोला दहा मीटर उंची लागते. मुलांच्या खेळासाठी दहा मीटरचा मनोरा बांधू नका, अर्ध्या एचपीचा पंप आणि दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह पुरतो. मग हा दोषच खेळ करा. एक ओळ टाकीवर, एक पंपावर, दोन्हींच्या खाली पारदर्शक मोजपात्र. पंधरा मिनिटांनी एकात ४५० मिली, दुसऱ्यात १ लिटर. फलकावर एक ओळही लिहायची गरज नाही.

काय बिघडतं ते आधीच सांगतो. विहिरीचं पाणी जड असेल तर महिन्या-दोन महिन्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. जाळीचा फिल्टर १२० मेशचा ठेवा, तो रोज उघडून धुवा, आणि आम्लाची प्रक्रिया वेळेवर करा, पण ती सुटीच्या दिवशी, मुलं नसताना, अंगभर कपडे आणि हातमोजे घालून. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही. शेततळ्याचं पाणी घेणार असाल तर शेवाळ येतं, त्याला आधी वाळूचा फिल्टर लागतो. नुसती जाळी तासाभरात चोंदते. कंपनीला हेही सांगा की त्यांच्या नावाखाली बंद पडलेला ड्रिपर दिसला तर ती जाहिरात उलटी फिरते. देखभालीचा माणूस त्यांनीच द्यावा.

आणि शेततळं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेला माणूस, पोहता येत असलं तरी, वर चढू शकत नाही. काठ ओला झाला की पाय ठरत नाही. सहा फुटी जाळीचं कुंपण, कुलूप लावलेलं दार, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि ट्यूब. हे झाल्याशिवाय पहिली सहल घेऊ नका. तिथे "जलविहार" वगैरे पाटी तर अजिबात लावू नका.

---

गेरूचुना | बुधवार, सकाळी ११:१५

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कंपन्या लोगोची छटा क्रमांकाने देतात आणि तीच हवी असा आग्रह धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. साधा ऑइलपेंट दोन उन्हाळ्यांत पांढुरका पडतो, हात लावला की पावडर निघते. भडक लाल आणि पिवळ्यातले बरेच रंगद्रव्य सेंद्रिय रसायनाचे, ते उन्हाने मोडतात. निळा-हिरवा त्या मानाने तग धरतो, तुमचं नशीब. तरी खेळण्याच्या लोखंडावर प्रायमरवर पीयू (पॉलीयुरेथेन) रंगच घ्या. महाग पडतो, पण दरवर्षी खरवडायची मजुरी वाचते. फ्लेक्सचा तर विचारही नको. एक उन्हाळा आणि एक वावटळ, की चिंध्या.

गेरू आणि पिवळी माती ही लोहाची ऑक्साइडं आहेत, ऊन त्यांचं काही बिघडवत नाही. भिंती गेरू-चुन्याच्या ठेवा आणि कंपनीचा रंग फक्त तिथे द्या जिथे हात लागतो: नळ, व्हॉल्व्ह, पंपाची मूठ, रेल्वेच्या डब्याचा दांडा. मुलाला आपोआप कळतं की निळं दिसलं म्हणजे ते फिरवायचं. वर चौकोनी वीट यांनी काम करणारं नाव म्हटलं, हा काम करणारा रंग.

अक्षरांचा हिशेब. दहा फुटांना एक इंच, ही पाटीवाल्यांची जुनी मोजणी. रस्ता गेटपासून ६० मीटरवर असेल तर साधारण २० इंची अक्षर लागतं. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं धरा. वेलांटी, उकार, रफार मिळून ओळीची उंची ३४ इंचांच्या आसपास जाते; पुष्कळ पाट्यांत हे विसरतात, मग उकार पट्टीबाहेर लोंबतात किंवा कापले जातात. पार्कचं नाव २० इंची. प्रायोजकाचं ५ इंची, म्हणजे ते ५० फुटांवरून, तिकीट खिडकीशी आल्यावर वाचता येईल. "आधी नाव कुणाचं" हे भांडण ओळींच्या क्रमाने सुटत नाही, असं मापाने सुटतं.

गेटच्या खांबांना काळी माती आहे हे धरून चला. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. फूटभर मुरूम टाकून भागत नाही. जड कमानीला साडेतीन मीटर खोल, बुडाशी फुगा काढलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्या. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. खर्च दिसत नाही, कमान सरळ दिसते.

---

नकाशे | बुधवार, दुपारी ३:४०

रेल्वेबद्दल. कंपनी मागेल की गाडी त्यांच्या शेडसमोर थांबावी, फोटो काढायला. हिशेब: ६०० मीटरचा फेरा, ताशी ८ किमी, म्हणजे साडेचार मिनिटं. चढ-उतर साडेतीन मिनिटं. फेरा ८ मिनिटांचा, तासाला साडेसात फेऱ्या, २४ आसनं, १८० माणसं. फोटोचे दोन मिनिटं घातले की फेरा १० मिनिटांचा, तासाला १४४. दर तासाला ३६ माणसं रांगेत वाढतात. दुपारपर्यंत सहलीच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो. शेड फेऱ्याच्या बाहेर, उतरल्यावर जायच्या वाटेवर ठेवा.

कंपनीची पाण्याची टाकी (नावासकट) बागेतून दिसू नये असं वाटत असेल तर झाकण्याचा हिशेबही सोपा. डोळा दीड मीटरवर. टाकी ८ मीटर उंच, तुमच्यापासून ४० मीटर दूर. आडोसा तुमच्यापासून १० मीटरवर असेल तर त्याची उंची १.५ + (६.५ × १०/४०), म्हणजे ३.१ मीटर. सव्वा मीटरचा मातीचा बांध आणि त्यावर दोन मीटरची बांबूची रांग पुरे. आडोसा टाकीजवळ नेलात तर सात मीटर उंचीचा लागेल. नेहमी बघणाऱ्याजवळ झाका.

---

सरकी | बुधवार, सायंकाळी ६:०५

संत्र्याच्या नादात पऱ्हाटीला विसरू नका. कापसाची थीम कुठल्याही ब्रँडशिवाय उभी राहते. १०० किलो कापसाचं जिनिंग केलं, म्हणजे सरकी वेगळी काढली, की साधारण ३४ किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ, म्हणजे पाच क्विंटल कापूस. हाताने फिरवायचा लाकडी चरखा-जीन ठेवा, मुलाला मूठभर बोंडं द्या, सरकी वेगळी होताना दिसते. किती वेळ लागला ते सांगा आणि शेजारी पाच क्विंटलचा ढीग दाखवा.

एकच सावधगिरी: ढीग आणि गाठी खऱ्या ठेवू नका. रुईला ठिणगी पुरते, वर दिवे टांगले की धोका वाढतो. लोखंडी सांगाड्यावर तरट ताणून, पट्ट्या मारून पोकळ गाठ करा, तरटाला आग-रोधक द्रव्य द्या. बसायला बाक म्हणूनही चालते.

---

संत्राबाग | गुरुवार, रात्री ८:२०

कंपनीला उत्तर पाठवायचा मसुदा असा केलाय. पार्कचं नाव थेंबावरून, आमच्या मालकीचं. गेटवर २० इंच आणि ५ इंच. विभागांना उत्पादनांची नावं नाहीत. विभाग चार: विहीर, थेंब, बाग, चौक. चौकात त्यांचा पत्रा लागेल, इतरांचेही लागतील. त्यांचा निळा फक्त हात लागतो तिथे. दाबाचा खेळ आणि त्याची देखभाल त्यांची. सहली नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराला आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराला, म्हणजे झाडावर फळ असताना. फवारणीनंतरचा प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत बागेचं फाटक बंद. शेततळ्याचं कुंपण आधी, बाकी नंतर.

काही सुटलं असेल तर सांगा.

---

करारनामा | गुरुवार, रात्री ८:५८

मुदत संपल्यावर त्यांचा निळा काढून टाकावा अशी अट येईल. ती मान्य करू नका. लोगो आणि नाव काढू, रंग राहील, असं लिहा. नाही तर पाच वर्षांनी सगळ्या मुठी पुन्हा रंगवाव्या लागतील.

---

पाळणेवाला | गुरुवार, रात्री ९:१५

सारं बरोबर हाये, पन कमानीची उंची कोनी सांगितलीच नाई. खालून साडेचार मीटर तरी मोकळी ठेवा, आगीचा बंब गेला पायजे. अन् कडबा भरलेली ट्राली मापून पाहा. ते अडकली का पैल्याच दिवशी कंपनीचं नाव कडब्यासंगं खाली येईन.